घरच्या पिकलबॉलसाठी नेट घेताना: आधी फ्रेम बघा, मग जाळी

पिकलबॉल म्हणजे पॅडल आणि भोकाभोकांच्या प्लास्टिक चेंडूने नेटवरून खेळायचा खेळ. त्यासाठी पोर्टेबल, म्हणजे उचलून नेता येणारं नेट घेताना बहुतेक जण जाळी बघतात, रंग बघतात, सोबत येणारी बॅग बघतात. नेट कामातून जातं ते मात्र जवळजवळ नेहमी फ्रेममुळे. जाळी फाटली म्हणून नेट टाकून दिलं, असं क्वचितच होतं. मधे झोळ पडतो, खांब आत कलतात, सांधा पक्का करणारं एखादं बटण पाइपात अडकून बसतं आणि मग ते नेट माळ्यावर जातं. म्हणून घेताना नजर पाइपांवर, सांध्यांवर आणि पायांवर हवी. जाळी नंतर बदलता येते.

आधी मापं बघू, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. नियमातलं नेट साइडलाइनवर ३६ इंच उंच असतं आणि बरोबर मध्यभागी ३४ इंच. दोन खांबांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर २२ फूट. कोर्ट २० फूट रुंद, म्हणजे प्रत्येक खांब साइडलाइनच्या बाहेर एकेक फूट. जाळी किमान २१ फूट ९ इंच लांब आणि वरून खाली निदान ३० इंच रुंद हवी. वरच्या काठाला २ इंच रुंदीची पांढरी पट्टी, तिच्या आतून दोरी किंवा केबल. जाहिरातीत नुसतं 'फुल साइझ' लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका. २० फूट रुंदीचं नेटही त्याच नावाने विकलं जातं आणि मग साइडलाइनवर उभा असलेला खेळाडू खांबाला धडकतो.

कोर्टाची लांबी ४४ फूट. ही २० बाय ४४ फुटांची आखणी बॅडमिंटनच्या दुहेरीच्या कोर्टाची आहे. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, बेनब्रिज बेटावर, जोएल प्रिचर्ड, बिल बेल आणि बार्नी मॅकॅलम यांनी हा खेळ जमवला तो एका जुन्या बॅडमिंटन कोर्टावर. नेट आधी ५ फुटांवर होतं, ते पुढे ३ फुटांवर आणलं. आज याचा फायदा असा, की कुठे बॅडमिंटनचं कोर्ट आखलेलं असेल तर बाहेरच्या रेषा तयारच मिळतात. किचनची, म्हणजे नेटलगतच्या ज्या पट्ट्यात उभं राहून चेंडू टप्पा पडायच्या आत मारता येत नाही त्याची रेषा तेवढी नवी मारायची: बॅडमिंटनची पुढची सर्व्हिस लाइन नेटपासून साडेसहा फुटांवर असते, पिकलबॉलचं किचन ७ फुटांचं. हे सहा इंच 'चालतंय की' म्हणून सोडले की डिंकच्या, म्हणजे चेंडू नेटवरून अलगद समोरच्या किचनमध्ये टाकायच्या खेळात रोज वाद.

आता झोळ. मधली उंची टेपने मोजून ३४ भरते का, एवढी एकच गोष्ट नेटची लायकी सांगते. डिंक मारताना चेंडू पट्टीच्या एक-दोन इंच वरून जातो. नेट मधे ३२ वर आलं असेल तर प्रत्येकाला मधूनच मारायची सवय लागते, आणि मापातल्या नेटवर गेल्यावर तेच फटके पट्टीत अडकतात.

झोळ का पडतो ते समजलं की निम्मी निवड आपोआप होते. समजा, जाळी, पट्टी आणि दोरी मिळून वजन २ किलो. २२ फुटांच्या अंतरात ही जाळी टोकांना ३६ आणि मधे ३४, म्हणजे फक्त २ इंच झोळ देऊन उभी ठेवायची, तर वरच्या दोरीत साधारण ३३ किलोचा ताण लागतो. झोळ १ इंचावर आणायचा तर ताण दुप्पट, ६६ किलोच्या घरात. हा ताण प्रत्येक खांबाला जमिनीपासून ३ फुटांवर आतल्या बाजूला ओढत असतो. पक्क्या कोर्टावर खांब जमिनीत गाडलेला असतो, तो हे सहन करतो. पोर्टेबल नेटला जमिनीचा आधार नाही. तो सगळा जोर खालच्या आडव्या पाइपवर आणि खांब व पाइप जिथे जुळतात त्या कोपऱ्याच्या सांध्यावर येतो. म्हणूनच स्वस्त नेट पहिल्या दिवशी ताठ दिसतं आणि महिन्याभरात दोन्ही खांब एकमेकांना नमस्कार करत असतात.

यातून मार्ग काढायला बनवणारे मधला आधार देतात. तो दोन तऱ्हेचा असतो. एकात खालच्या पाइपला मध्यभागी एक पाय असतो आणि त्यातून वर निघणारी उभी काठी जाळीची पट्टी ३४ इंचांवर उचलून धरते. दुसऱ्यात पट्टी आधी चांगली ताणायची आणि मग मधला पट्टा बकलने खाली ओढून ३४ वर आणायची, जसं पक्क्या कोर्टावर करतात. पहिल्या प्रकारात कमी ताणातही उंची टिकते, कारण २२ फुटांचा एक गाळा न राहता ११-११ चे दोन होतात. फ्रेम थोडी हलकी असली तरी भागतं. दुसरा प्रकार खेळायला जास्त सरस, पट्टी एकसारखी ताठ लागते. पण त्याला फ्रेम खरोखर दणकट हवी. मधे ना काठी, ना पट्टा, असं २२ फुटी नेट मात्र कितीही देखणं असो, घेऊ नका. आणि मधला पाय असूनही वर काठी नसेल तर तो पाय फक्त खालच्या पाइपला वाकू देत नाही, जाळीला त्याचा काही उपयोग नाही. फोटोत हा फरक पटकन कळत नाही, मुद्दाम बघावा लागतो.

पाइप बघताना व्यास आणि भिंतीची जाडी दोन्ही विचारा. पातळ भिंतीच्या पाइपचा ताठपणा व्यासाच्या घनाप्रमाणे वाढतो. भिंत तेवढीच ठेवून पाइप २५ मिलिमीटरचा ३८ केला तर तो सुमारे साडेतीनपट ताठ होतो, वजन मात्र दीडपटीच्या आसपासच वाढतं. बारीक पण 'जाड पत्र्याचा' पाइप हा तोट्याचा सौदा आहे. बऱ्याच चांगल्या नेटचे पाइप लंबगोल असतात. ते शोभेसाठी नसतात: गोल पाइप सांध्यात फिरू शकतो, लंबगोल फिरत नाही, त्यामुळे खांब पुढे-मागे झुकत नाही. गोल पाइप असतील तर प्रत्येक सांध्याला बटण किंवा आरपार पिन आहे ना, हे बघाच.

सांधा किती खोल जातो, हेही महत्त्वाचं. एक पाइप दुसऱ्यात जेमतेम दीड-दोन इंच शिरत असेल तर तो सांधा पहिल्या दिवसापासून डुगडुगणार. माझ्या मते कोपऱ्याच्या सांध्यात निदान ३-४ इंच आत जायला हवं. दुकानात उभारलेलं नेट असेल तर खांबाच्या डोक्याला दोन बोटांनी आत दाबून बघा. खांब वाकतो आहे की सांध्यात हलतो आहे, हे हाताला लगेच कळतं. थोडं वाकणं चालेल. सांध्यातला खुळखुळ पुढे वाढतच जातो, कारण दर फटक्यागणिक भोक झिजत असतं.

जाळीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, तरी दोन-तीन गोष्टी आहेत. चेंडूचा व्यास ७३ ते ७५.४ मिलिमीटर, वजन २२.१ ते २६.५ ग्रॅम. जाळीची भोकं त्याहून बरीच लहान, दीड-पावणेदोन इंचांची असली की पुरे. ताणल्यावर भोक एका बाजूला लांबतं, म्हणून काठावरचं माप नको. नायलॉनची जाळी किंवा दोरी पाणी शोषते आणि ओली झाली की लांबते. दवात बाहेर राहिली तर सकाळी मधे इंचभर खाली आलेली दिसते. पॉलिएस्टरची दोरी पुष्कळ कमी लांबते. पट्टीच्या दोन्ही टोकांची शिवण मात्र नीट बघा. सगळा ताण त्या दोन-चार इंचांच्या शिवणीवर असतो. तिथे दुहेरी कापड आणि आडवी-तिडवी टाक्यांची चौकट असेल तर ठीक, एका ओळीची शिवण असेल तर ती उसवणार.

रुंदीचं गणितही करून बघा. जाळी ३० इंची आणि मधली उंची ३४, म्हणजे खाली ४ इंच, १० सेंटिमीटर मोकळे. चेंडू साडेसात सेंटिमीटरचा. तो खुशाल खालून पलीकडे जातो. नियमाने गुण बदलत नाही, पण दर वेळी धावत जाऊन चेंडू आणायचा कंटाळा येतो. ३२ इंची जाळी घेतली तर मधे दोनच इंच उरतात.

मग जागा. पूर्ण कोर्ट २० बाय ४४, पण धावायला चहूबाजूंनी जागा लागते. ३० बाय ६० फूट ही किमान समजा. घरी एवढी मोकळी, सपाट जागा सहसा नसते. तेव्हा हट्टाने २२ फुटी नेट घेऊन ते भिंतीला टेकवून लावण्यापेक्षा ११-१२ फुटी अर्ध नेट घेतलेलं शहाणपणाचं. त्याचा आणखी एक फायदा ताणाच्या हिशेबात दिसतो. १२ फुटांच्या नेटला तेवढाच २ इंच झोळ ठेवायला जेमतेम १० किलोचा ताण पुरतो, ३३ नाही. म्हणजे हलकी फ्रेमही चालते, मधला पाय नसला तरी बिघडत नाही, आणि कमी पैशांत नेट ताठ राहतं. उलट इथे अडचण वेगळीच येते: जास्त आवळलं तर मधे नेट ३६ वरच राहतं. तेव्हा मधे एक पट्टा बांधून ते ३४ वर ओढा.

लहान जागेत कोर्ट आखताना किचनचे ७ फूट तसेच ठेवा आणि मागचा भाग कापा. १० फूट रुंद आणि ४४ फूट लांब पट्टा मिळाला तर एकास एक खेळ उत्तम होतो, सगळे फटके खऱ्या लांबीने मारता येतात. लांबीही नसेल तर किचनमागे ८-१० फूट ठेवून नुसता डिंक आणि व्हॉलीचा (टप्पा पडायच्या आत मारायच्या फटक्याचा) सराव करा. किचन छोटं केलं की खेळाचा पोतच बदलतो आणि जो तो नेटला चिकटून चेंडू खाली आपटायला लागतो.

बॅडमिंटन, व्हॉलीबॉल आणि पिकलबॉल अशी 'तीन खेळांची' नेट मोह घालतात. लहान मुलांसाठी, कधीमधी खेळायला ठीक. पण त्यांचे खांब ५ फुटांच्या वर जाण्यासाठी एकात एक सरकणारे असतात, म्हणजे सांधे जास्त. मधला आधार बहुधा नसतो. आणि जाळी शटलकॉकच्या हिशेबाने पातळ असते. पिकलबॉलचा चेंडू लागला की ती फुगून मागे जाते. टेनिसचं नेट मात्र उसनं चालतं: ते मधे ३६ आणि खांबांशी ४२ इंच असतं, मधला पट्टा आवळून ३४ वर आणलं की मधे तरी बरोबर होतं. कडेला उंच राहतं, तेवढं सोसायचं.

पाय. इथे लोक फसतात. पाय जितके रुंद, म्हणजे नेटच्या पुढे-मागे जितके पसरलेले, तितकी नेट वाऱ्यात उलटायची भीती कमी. पण तितकेच ते किचनमध्ये घुसून पायात येतात. चपटे पाय घ्या, गोल पाइपवर घोटा मुरगळतो. टोकांना रबरी बुचं हवीत आणि ती नुसती दाबून बसवलेली असतील तर आधीच थोड्या चिकटद्रव्याने पक्की करा, कारण पहिली हरवते ती तीच. बूच गेलेला पाइप फरशीवर ओरखडे काढतो आणि गुळगुळीत फरशीवर नेट सरकत जातं. वारा असेल तर वाळूची पिशवी पायावर ठेवा. आडव्या पाइपला लटकवू नका, तो मधेच वाकतो.

चाकांची नेट कोणासाठी? ज्यांना नेट रोज गॅरेजमधून बाहेर काढून पुन्हा आत ढकलायचं आहे आणि वाटेत पायरी नाही, त्यांच्यासाठी. ती जड असतात, म्हणूनच ताण छान धरतात. पण उभं नेट २२ फूट लांबच राहतं, ते ठेवायची भिंत आधी मोजा. घडीच्या नेटसाठी बॅग भरल्यावरची लांबी विचारा. सर्वांत लांब पाइप गाडीच्या डिकीत किंवा कपाटात मावतो का, एवढंच बघायचं असतं, आणि नेमकं तेच बघायचं राहतं.

जमीन थोडी उताराची असेल तर घाबरायचं कारण नाही. उंची त्या-त्या ठिकाणच्या जमिनीपासून मोजतात, आणि फ्रेम उतारासोबत तिरकी उभी राहते. अडचण खड्ड्याची आहे: दोन्ही टोकं टेकली आणि मधला पाय अधांतरी राहिला, तर तो काहीच उचलत नाही. मधल्या पायाखाली रबराची पट्टी किंवा प्लायवुडचा तुकडा सारा. याउलट मधे उंचवटा असेल तर टोकाचे पाय उचलले जातात आणि नेट खेळता खेळता फिरतं. असं असेल तर नेटची जागा फूटभर पुढे-मागे करून पाहा.

उभारणीचा क्रम चुकला की चांगलं नेटही वाकडं दिसतं. आधी खालचा पाइप आणि पाय जमिनीवर जोडून घ्या. प्रत्येक बटण भोकातून पूर्ण बाहेर आलंय का, ते अंगठ्याने चाचपा. अर्धवट आलेलं बटण ताण पडला की आत जातं आणि खांब धाडकन येतो. मग खांब बसवा. जाळी पसरून तिची वरची बाजू ओळखा, एका खांबाला अडकवा, मग दुसऱ्याला, पण हलकेच. दोन्ही टोकांची उंची ३६ भरली की पट्टे दोन्हीकडून आलटून-पालटून थोडे थोडे आवळा. एकीकडूनच ओढलं तर तो खांब कलतो आणि मधली खूण मधे राहत नाही. खालचे आणि बाजूचे पट्टे त्यानंतर. मधली काठी किंवा पट्टा सगळ्यांत शेवटी, ३४ मोजूनच. अर्ध्या तासाने पुन्हा एकदा मोजा. नवी दोरी पहिल्या तासाभरात लांबते, ते दोषाचं लक्षण नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वेळीही तेवढीच लांबत असेल तर मात्र दोरी हलकी आहे.

नेट घरी आलं की परत करायची मुदत संपायच्या आत एक दिवस ते पूर्ण ताणून उभं ठेवा. सकाळी दोन्ही टोकांची आणि मधली उंची, शिवाय खांबांच्या डोक्यांमधलं अंतर लिहून घ्या, संध्याकाळी तेच पुन्हा मोजा. डोक्यांमधलं अंतर कमी झालं तर खांब कलताहेत. अंतर तेवढंच राहिलं आणि मधली उंची खाली आली तर दोरी किंवा व्हेल्क्रो सरकतोय. पहिला दोष फ्रेमचा, तो सुधारत नाही, नेट परत करा. दुसरा वीस मिनिटांचं काम आहे: पट्टीतली दोरी काढून पॉलिएस्टरची घाला किंवा टोकाच्या व्हेल्क्रोऐवजी बकलचा पट्टा शिवून घ्या. व्हेल्क्रो ही तशीही पोर्टेबल नेटमधली सगळ्यांत लवकर दमणारी वस्तू. तिच्या आकड्यांत धूळ आणि केस भरतात आणि पकड जाते. जुना टूथब्रश फिरवला की बरीचशी परत येते.

बटण आत अडकलं तर हातोडी मारू नका. पाइप फिरवून बटण भोकाखाली आणा आणि बारीक स्क्रू-ड्रायव्हरने बाजूने ढकला. सांध्यांना तेल तर मुळीच नको, त्यावर माती चिकटून आणखी घट्ट होतं. मेणबत्ती घासली तरी पुरते. गंज नेहमी भोकांच्या कडेने सुरू होतो, कारण पावडर कोटिंग तिथेच आधी उडतं. नव्या नेटच्या भोकांना पहिल्याच दिवशी रंगाचा बारीक हात दिला तर दोन-तीन वर्षांचा प्रश्न मिटतो. पाऊस लागला असेल तर पाइप उभे करून निथळू द्या. आत साचलेलं पाणी बॅगेत बंद झालं की गंज आतून येतो आणि सांधा जाम झाल्यावरच कळतो. खेळ संपल्यावर नेट उभंच ठेवणार असाल तर निदान मधला पट्टा आणि टोकाचे पट्टे सैल करा.

विकणाऱ्याला एक प्रश्न मात्र विचारून ठेवा: नुसती जाळी, नुसती बटणं आणि मधला पाय सुटा मिळतो का? सुटे भाग मिळत असतील तर थोडी महाग फ्रेमही परवडते. नसतील तर एक बटण हरवलं की सगळं नेट बाद.

आणि खेळायला लागण्याआधी चौघांत ठरवून घ्या की नेट ओलांडून गेलेला चेंडू मधल्या पायावर किंवा आडव्या पाइपवर आपटला तर ती रॅली पुन्हा खेळायची. पोर्टेबल नेटवर हे संध्याकाळी एकदा तरी होतंच.